ब्रुक्सली बॉर्न यांचे प्रश्न

बाजाराच्या नियामकपदी अर्थतज्ज्ञ हवा की वकील, असा वाद निघाला की मला ब्रुक्सली बॉर्न आठवतात. स्टॅनफर्ड लॉ रिव्ह्यूच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. पुढे वॉशिंग्टनमध्ये त्यांनी तीसेक वर्षं वकिली केली. हंट बंधूंनी चांदीचा बाजार मुठीत धरू पाहिला, त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात त्या एका स्विस बँकेच्या बाजूने लढल्या.

१९९६ मध्ये त्या अमेरिकेच्या वायदेबाजार आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. एक्स्चेंजच्या बाहेर, दोन पक्षांत परस्पर होणारे डेरिव्हेटिव्हचे, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर बेतलेले, सौदे तेव्हा अफाट वाढले होते. कोण कोणाचं किती देणं लागतो, याचा हिशेब एकाही सरकारी कार्यालयाकडे नव्हता. मे १९९८ मध्ये आयोगाने एक टिपण काढलं. त्यात नवा नियम एकही नव्हता, होते ते प्रश्न. सौद्यांची नोंद ठेवावी का? तारण किती घ्यावं? फसवणूक कशी रोखावी? पक्षकार समोर बसला की कुठलाही जाणता वकील आधी हेच विचारतो.

त्याच दिवशी अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन, फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे ॲलन ग्रीनस्पॅन आणि शेअर बाजार नियामक आर्थर लेव्हिट यांनी संयुक्त निवेदन काढून विरोध केला. अशा चर्चेने झालेले सौदेही कायद्याने टिकतील का, अशी शंका निर्माण होईल, हे त्यांचं म्हणणं. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण विचारल्यानेच डळमळणारा सौदा मुळात किती भक्कम असणार?

सप्टेंबरमध्ये अशाच सौद्यांत गुंतलेला एलटीसीएम हा फंड कोसळला. चौदा वित्तसंस्थांना ३.६ अब्ज डॉलर ओतून तो सावरावा लागला. तरीही अमेरिकी काँग्रेसने बॉर्न यांच्या आयोगालाच सहा महिने नवे नियम करायला मनाई केली! हे वाचताना मला आजही संताप येतो. १९९९ मध्ये त्या पायउतार झाल्या. २००० च्या कायद्याने हे सौदे जवळपास पूर्णपणे नियमनाबाहेर काढले. २००८ मध्ये अशाच सौद्यांत अडकलेल्या एआयजी या विमा कंपनीला सुरुवातीलाच ८५ अब्ज डॉलरचं सरकारी कर्ज द्यावं लागलं.

२००८ च्या त्या आर्थिक संकटाच्या चौकशी आयोगावर बॉर्न सदस्य होत्या. एप्रिल २०१० मध्ये ग्रीनस्पॅन साक्षीला आले. फेडरल रिझर्व्ह आपली जबाबदारी पार पाडण्यात अपयशी ठरली नाही का, असं बॉर्न यांनी त्यांना थेट विचारलं. आपले तीस टक्के निर्णय चुकले, असं ग्रीनस्पॅन त्या दिवशी म्हणाले.