रूळ फिरवण्याचे चार रुपये

धान कापून, चुरून घरी आलं की आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडच्या बांध्या मोकळ्या होतात आणि या ना त्या गावात कबड्डीचे सामने लागतात. रात्री दिव्यांच्या झगझगाटात पोट्टे धूळ उडवत असतात. माईकवाला इनामाची रक्कम घसा बसेपर्यंत सांगत असतो. एखाद्या संघात अनोळखी, पीळदार अंगाचा गडी दिसला की बांधावर कुजबुज सुरू होते, "हा त बाहेरचा होय, पैसे देऊन आनला." त्या बोलण्यात कौतुक कमी, ठपका जास्त. मला याची गंमत वाटते. महाशिवरात्रीला आमच्या डोंगरावर यात्रा भरते. तिथे पाळणेवाला पैसे घेतो, नाटकवाला घेतो, पूजा सांगणाराही दक्षिणा घेतो, आणि त्यांना कोणी नावं ठेवत नाही. खेळणाऱ्यानं हात पुढे केला की मात्र खेळ बाटतो!

हौसेखातर खेळावं, पैशासाठी नव्हे, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या घरी कणग्या भरलेल्या असणार. ज्याची कणगी रिकामी, त्याच्या खेळाची किंमत कुणी कशी केली, हे पाहायचं तर पुण्यात जावं लागतं, तेही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी.

पालवणकर बाळू हा चर्मकार समाजातला, फौजेतल्या नोकरदाराचा मुलगा. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा आणि सभासदांना लहर आली तर चार चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. तिथून तो गोऱ्यांच्या पूना क्लबात आला आणि पगार चार रुपये झाला. कामात भर पडली ती जाळी लावण्याची आणि टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारण्याची. तिथे जे. जी. ग्रेग नावाचा फौजी अधिकारी होता, फलंदाज म्हणून मोठा. तो इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करायचा. सांगतात, की बाळूनं बाद केलं की ग्रेग दर वेळी आठ आणे द्यायचा. हिशेब करून पाहा. आठ वेळा साहेबाला बाद केलं की महिन्याचा पगार सुटला! पगार रूळ फिरवण्याचा होता. गोलंदाजीची कमाई म्हणजे फक्त ते आठ आणे, आणि तेही साहेबाच्या मर्जीवर. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांची, घाम गाळणं नोकरांचं.

पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूला संघात घेतलं. मैदानावर त्याच चेंडूला सगळ्यांचे हात लागत. चहाच्या वेळी मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून पीत आणि बाळूला बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे, हे शास्त्र कुठल्या पोथीतलं, कोण जाणे.

असाच एक माणूस त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला होता. बास्केटबॉल हा खेळच तेव्हा पोरवयाचा. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथनं पीचच्या टोपल्या टांगून तो काढला. पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्यात पगारी संघ आणि लीगही उभ्या राहिल्या. त्याच राज्यातल्या लॉवेलचा हॅरी 'बकी' ल्यू हा कृष्णवर्णीय मुलगा 1902 मध्ये अठरा वर्षांचा होता. गावच्या संघात खेळाडू बाहेरून आणत (हे आमच्या बांधावरच्यांनी ऐकावं), आणि गल्लीतल्या या पोराला संधी द्या म्हणून स्थानिक वर्तमानपत्रं मागे लागली होती. संघात दुखापती झाल्या तेव्हा व्यवस्थापकानं नाइलाजानं त्याला घेतलं आणि सांगितलं, बाकावर बसून राहा, पाच डॉलर मिळतील.

म्हणजे इकडे रूळ फिरवण्याचे चार रुपये आणि तिकडे बसून राहण्याचे पाच डॉलर. ज्या कामात दोघं पटाईत, ते सोडून बाकी सगळ्याचे पैसे द्यायला मालक तयार!

त्या रात्री मार्लबरोशी सामना होता. लॉवेलचा एक खेळाडू जखमी होऊन बाहेर गेला. तरी व्यवस्थापक ल्यूला उतरवेना. पाचांविरुद्ध चौघे खेळू लागले, तेव्हा प्रेक्षक असे खवळले की दंगलच व्हायची. शेवटी तो उतरला. पोटात कोपरं, गुडघे, शिव्या, सगळं त्यानं खाल्लं आणि परतही केलं. हे त्यानं स्वतः 1958 मध्ये, म्हातारपणी, एका पत्रकाराला सांगितलं. पुढे लीग बंद पडली तेव्हा त्यानं स्वतःचा संघ काढला आणि तो घेऊन 1926 पर्यंत न्यू इंग्लंडभर खेळत राहिला. आता कोण बाकावर बसणार, हे तो ठरवत होता. एनबीए या अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये पहिले कृष्णवर्णीय खेळाडू यायला 1950 उजाडलं.

बाळूला स्वतःचा संघ काढता आला नाही. 1896 च्या प्लेगच्या सुमारास तो मुंबईला आला, हिंदू जिमखान्याकडून खेळला आणि रेल्वेत नोकरीला लागून रेल्वेच्याही संघात गेला. आजही आपल्याकडे गुणी खेळाडूच्या आईबापाच्या डोळ्यांपुढे रेल्वेची नोकरीच असते. तेव्हा ही वाट नवी नाही. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या संघातून तो इंग्लंडला गेला. संघ हरत होता, याचा खांदा दुखत होता, तरी साऱ्या सामन्यांत मिळून 114 बळी, सरासरी 18.84. हिंदूंच्या संघाचं कप्तानपद मात्र त्याला कधी मिळालं नाही. भाऊ विठ्ठलच्या वाट्याला ते 1923 मध्ये आलं. युरोपियनांना हरवल्यावर सवर्णांनी विठ्ठलला खांद्यावर घेऊन मिरवलं. ज्याच्या पेल्याला हात लावायचा नाही, त्या घरचा माणूस थेट खांद्यावर.

1937 मध्ये बाळू मुंबईत निवडणुकीला उभा राहिला, आणि तेही डॉ. आंबेडकरांविरुद्ध, काँग्रेसकडून. आंबेडकरांना 13,245 मतं, बाळूला 11,225. मला त्यानं उभं राहायला नको होतं असं वाटतं. पण काँग्रेसला तिथे उभा करायला दलितांमधला दुसरा इतका मोठा माणूस सापडला नाही, आणि तो मोठा झाला होता चेंडूच्या जोरावर. दोन हजार मतांनी हरला, एवढंच.