फुकटचें बोलणें

फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाहीं, असें लहानपणापासून ऐकत आल्यामुळें फुकटच्या बोलण्याविषयींही आमचें मत फारसें बरें नव्हतें. आमची मुलगी टोरांटोस असते. रोज रात्रीं आमचीं जेवणें आटोपलीं कीं वाय-फायवर व्हॉट्सॲपमधून तिचा फोन येतो व तासभर चालतो. व्हॉट्सॲपमध्यें बोलण्याची सोय २०१५ सालीं झाली, तेव्हांपासून जगांत 'ऐकूं येतंय का?' हें वाक्य किती वेळां उच्चारलें गेलें असेल कोण जाणे! आवाजाचे बारीक तुकडे करायचे, बहुधा सेकंदाच्या ५०व्या हिश्श्याएवढे. ते इंटरनेटवरून धाडायचे व पलीकडे पुन्हां जुळवायचे, अशी ही युक्ति. वाटेंत फार तुकडे हरवले कीं आपली मुलगी यंत्रासारखी तुटक बोलूं लागते. (फुकट म्हणायचें तें मिनिटांमागें, वाय-फायचें बिल आम्हीच भरतों.)

आमच्या मातुःश्रींना मात्र हें फुकट अद्याप पटलेलें नाहीं. १९६८ सालीं वडील नोकरीनिमित्त नागपुरास होते व आम्ही साताऱ्यास. ट्रंककॉलचा आकार तीन-तीन मिनिटांच्या हिशेबानें, म्हणून बोलणेंही तीन मिनिटांचें. त्यांतून टेलिफोन शेजारच्या वकिलांकडे, आणि त्यांचें सारें घर भोंवतीं उभें! आई सांगे, "इकडे सर्व ठीक." आम्ही विषमज्वरानें अंथरुणाला खिळलों होतों, तेव्हांही तिनें हेंच सांगितलें. त्या सवयीनें नातीशीं ती आजही तीन मिनिटेंच बोलते, आणि "पैसे पडत नाहींत ना रे?" असें विचारून फोन आमच्या हातीं देते. या काटकसरीचें आम्हांस मोठें कौतुक होतें.

गेल्या श्रावणांत एके रात्रीं आम्हांस मध्येंच बाहेर जावें लागलें व फोन तिच्याच हातीं राहिला. परतलों तों पाऊण तास उलटलेला. आजी नातीला पुरणपोळी शिकवीत होती. निजण्याच्या वेळीं मुलीचा निरोप आला : "बाबा, आजीला उजव्या डोळ्यानें दिसत नाहीं. ती निरांजन चाचपून लावते. तुम्हांला ठाऊक आहे?"

ठाऊक नव्हतें. रोज एका पंगतीला बसून ठाऊक नव्हतें. डाळ शिजून, पुरण वाटून, पोळी तव्यावर पडल्यानंतर केव्हां तरी तें वाक्य आलें होतें; तीन मिनिटांत तें येणारें नव्हतें. घरांतल्या घरांत आम्ही आईशीं दिवसाकांठीं किती मिनिटें बोलतों, याचा हिशेब त्या रात्रीं मनांत झाला. तो येथें मांडण्याजोगा नाहीं.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर नातीचा फोन आला.

"दिसतंय ग सगळं. इकडे सर्व ठीक," आई म्हणाली, आणि तीन मिनिटें होतात न होतात तोंच फोन आमच्या हातीं देऊन तिनें विचारलें, "पैसे पडत नाहींत ना रे?"