सूर धरणारा

या संगीताला नीट नाव नाही, हीच पहिली अडचण. गाण्याचा मुखडा गुणगुणून दाखवता येतो, रागाचं नाव सांगता येतं, गायकाच्या आवाजाची नक्कलही करता येते. मला रात्री जे ऐकावंसं वाटतं त्यात मुखडा नाही, शब्द नाहीत, कित्येकदा सूरही एकच. तो कुठून सुरू झाला ते कळत नाही. आपलं लक्ष जातं तेव्हा तो आधीपासून तिथे असतो. आणि त्याच्या पोटात, खूप खोल, कुठेतरी कातडं वाजत असतं. डोंगरापलीकडच्या वाडीत काहीतरी चाललंय, आपल्याला बोलावणं नाही, पण वारा इकडचा आहे, असं काहीसं.

एवढं वर्णन करून कुणाला विचारावं, तर हातात ध्यानाचं संगीत पडतं. बासरी, ओढ्याचा खळखळाट आणि मधूनच ‘आता हळूच डोळे मिटा’ सांगणारा कुणीतरी. मला डोळे मिटायचे नसतात. कातड्याचा उल्लेख जरा ठासून केला, तर ढोलपथकांच्या ध्वनिफिती येतात. त्या दोन्हींच्या मधला जो मुलूख आहे, तिथे जाणारी वाट कुणी दाखवत नाही. एका तबकडीवरच्या वादकाचं नाव वाचून दुसरी शोधायची, दुसरीवरून तिसरी, अशीच ती काढावी लागते.

जाणकार ‘अँबियंट’ म्हणतात आणि ब्रायन ईनो या संगीतकाराचं नाव घेतात. त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९७५ साली लंडनमध्ये अपघात होऊन तो अंथरुणावर पडला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने अठराव्या शतकातल्या हार्पच्या संगीताची तबकडी आणली. ती लावली, पण आवाज फार बारीक राहिला आणि एक स्पीकर बंदच होता. उठून ठीक करायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस. हार्पचे काही स्वर पावसात विरघळत होते, काही वर येत होते, आणि संगीत असंही ऐकता येतं हे त्याच्या ध्यानात आलं. १९७८ मध्ये त्याने विमानतळांसाठी केलेलं संगीत काढलं आणि या प्रकाराला नाव मिळालं. सुंदर आहे ते, पण फार स्वच्छ. फरशी पुसून ठेवलेली, चपला बाहेर काढायला लावणारी शांतता. माझ्या मनातल्या संगीताच्या पायाला माती लागलेली आहे.

ती माती मला स्टीव्ह रोचकडे सापडली. हा कॅलिफोर्नियाचा माणूस, तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यतींत उतरायचा. विशीत सिंथेसायझर हातात घेतला आणि स्वतःच शिकला. इतक्या वेगातून आलेल्या माणसाने पुढे जवळजवळ न हलणारं संगीत करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. कदाचित फार वेगात गेलं की क्षितिज हलेनासं होतं. शर्यतवाल्यांनाच विचारायला हवं.

‘द लास्ट वेव्ह’ हा पीटर वेअरचा १९७७ चा चित्रपट रोचने पाहिला. सिडनीतला एक वकील आदिवासी आरोपींचा खटला लढवायला घेतो आणि त्याची स्वप्नं, पाऊस, शहराखालचे बोगदे हे सगळं एकमेकांत मिसळू लागतं. त्यातला डिजरीडूचा, तिथल्या आदिवासींच्या फुंकवाद्याचा, घुमणारा आवाज रोचच्या डोक्यातून गेला नाही. पुढे एका माहितीपटाच्या चमूबरोबर तो ऑस्ट्रेलियाच्या अगदी उत्तरेला, केप यॉर्कच्या भागात गेला. तिथल्या खडकांवर फार जुनी चित्रं आहेत. माणसं, प्राणी, लांब हातापायांचे आत्मे. तिथल्या लोकांच्या समजुतीत पूर्वजांनी जग घडवलं तो काळ मागे पडलेला नाही, तो चालूच आहे. आपण त्यात अधूनमधून जागे होतो इतकंच. या सगळ्यातून १९८८ मध्ये ‘ड्रीमटाइम रिटर्न’ हा दोन तबकड्यांचा संच आला. त्यातली एक रचना अर्ध्या तासाहून लांब आहे आणि एकीचं नाव त्या चित्रांच्या एका कातळगुहेवरूनच ठेवलेलं आहे.

तो संच पहिल्यांदा ऐकला तेव्हा घरातून हाक आली, “अगं, फ्रीज बघ गं, काहीतरी बिघडलंय.” तक्रार रास्त होती. सिंथेसायझरचा खालचा सूर भिंतीत शिरला होता आणि कुठून येतोय हे कुणालाच सांगता येत नव्हतं. यात कानाची एक खोड आहे. आवाज कुठून आला हे कान बरंचसं त्याच्या सुरुवातीवरून ओळखतो, पहिल्या आघातावरून. हळूहळू चढत गेलेला, न तुटणारा सूर असेल तर दिशा त्याला सापडत नाही. म्हणून असा सूर समोरून येत नाही, तो खोलीभर होतो. ढोलाचं उलटं. काठी कातड्यावर पडली की क्षणात कळतं, उजवीकडे, लांब, जरा खाली. रोच या दोन गोष्टी एकमेकांवर ठेवतो. सुराने दिशा पुसून टाकलेली असते, आणि त्या मोकळ्या अंधारात कुणीतरी एका जागी ठोका देतं. तेवढ्याने अंतर तयार होतं. आपण कुठेतरी आहोत आणि तो वाजवणारा कुठेतरी आहे, मधे बराच मुलूख आहे. चाल नाही, बंदिश नाही, गोष्ट नाही. भूगोल मात्र आहे.

आपल्याकडच्या लग्नात, निदान जिथे अजून खरे वाजंत्री बसतात तिथे, सनईवाला असतो, संबळवाला असतो आणि एक सूरवाला. सूर म्हणजे दिसायला सनईच, पण तिच्यावर बोटं फिरत नाहीत. एकच स्वर. गालात हवा साठवायची, ती बाहेर सोडता सोडता नाकाने श्वास आत घ्यायचा, आणि धार तुटू द्यायची नाही. डिजरीडूवालाही हेच करतो, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, वाळवीने आतून पोखरलेल्या निलगिरीच्या खोडात. एका लग्नात मी मुद्दाम सूरवाल्याच्या शेजारची खुर्ची धरली. तो अवघडला. “ताई, सनई ऐका की,” म्हणाला. “सूर काय, तो आहेच.” बिदागी वाटून घेताना त्याचा वाटा किती असतो हे विचारायचा मला धीर झाला नाही.

गोंधळातही हीच जोडी आहे. तुणतुण्याची एकच तार रात्रभर तेच बोलते आणि कमरेला बांधलेला संबळ तिच्याभोवती उड्या मारतो. मैफलीत तानपुरे गायकाच्या मागे असतात आणि बहुधा शिष्यांच्या हातात. म्हणजे धरून ठेवणारा सूर आपल्या कानांना मुळीच नवा नाही. आपण त्याला सतत मागे बसवलं, इतकंच. रोच आणि त्याच्या जातकुळीतल्या लोकांनी त्याला पुढे आणलं, सनईवाल्याला घरी पाठवलं, आणि संबळवाल्याला सांगितलं, तू जरा त्या टेकाडामागे जाऊन वाजव.

आणि हे पूर्णपणे त्यांचं त्यांना सुचलं असं नाही. रोचच्या आधी जॉन हॅसेल नावाचा ट्रम्पेटवाला होऊन गेला. मेंफिसचा. कोलोनला जाऊन संगीतकार श्टॉकहाउझेनकडे युरोपातलं सगळ्यात नवं संगीत शिकला आणि नंतर पंडित प्राणनाथांपुढे बसला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्थायिक झाले होते. ते षड्जावर इतका वेळ थांबत, की पुढच्या स्वराची घाई असलेल्या माणसाने उठून जावं. हॅसेल उठला नाही. ट्रम्पेटला झडपा असतात; मींड काढायची तर ती ओठांनी काढावी लागते. त्याने ती काढली. त्याचा ट्रम्पेट ऐकताना पितळ वाटतच नाही, घसा बसलेला कुणी म्हातारा दूरवर आलाप करतोय असं वाटतं. १९८० मध्ये ईनोबरोबर त्याने ‘पॉसिबल म्युझिक्स’ काढलं. त्यात ब्राझीलचा नाना व्हास्कॉन्सेलोस आहे आणि सेनेगलचा ऐब डिएंग घटम वाजवतो. दक्षिणेतला मातीचा घडा, आफ्रिकेचे हात, किराण्याची मींड. १९८३ च्या तबकडीच्या नावातच त्याने आफ्रिकेतले आका लोक, जावा बेट आणि मधोमध दरबारी असे एका ओळीत बसवले.

किराणा म्हटलं की आपलं बोट मिरजेवर जातं. अब्दुल करीम खाँसाहेब तिथे राहिले, आणि तानपुऱ्याच्या जुळणीबद्दल त्यांचा कान किती काटेकोर होता याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. तानपुरे करणारी मिरजेतली घराणी मुळात शिकलगारांची, तलवारींना धार लावणाऱ्यांची. राज्यं गेली, तलवारी म्यानात गेल्या, आणि हत्यारांवर बसलेला हात पंढरपूरकडच्या भोपळ्यांवर बसला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण खरी करामत घोडीवर होते. घोडीचा माथा किंचित गोलसर घासायचा आणि तारेखाली सुताचा धागा सरकवत जायचं. एका नेमक्या जागी तार उघडते, जवारी लागते आणि एका तारेतून स्वरांचा थवा बाहेर पडतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं होतं. तार जिथे छेडली त्यावरून जे स्वरांश मुळात उमटूच नयेत, तेही वीणेत आणि तानपुऱ्यात उमटतात, हे त्यांनी दाखवलं. सिंथेसायझरचे खटके फिरवत अमेरिकेतली माणसं जे शोधत होती, ते इथे सुताच्या एका धाग्यावर चाललं होतं. याचा अभिमान वाटतो, पण तो फार वेळ टिकत नाही, कारण रोचने त्या थव्याला अर्धा तास एकट्याने उडू दिलं आणि आपण त्याच्यावर लगेच ख्याल चढवतो.

या वाटेवर एक घाणेरडं वळणही आहे. डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीचं ‘स्वीट ललबाय’ १९९२ मध्ये जगभर वाजलं. त्यातला बाईचा आवाज आफ्रिकेच्या जंगलातला असावा असंच ऐकणाऱ्यांना वाटत राहिलं. तो आवाज आफुनाक्वा नावाच्या बाईचा. पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर, मलाइतात, संशोधक ह्यूगो झेम्प यांनी ती अंगाई ध्वनिमुद्रित केली होती. पोरक्या झालेल्या लहानग्याची समजूत घालणारी अंगाई. तिच्याखाली नाचाचा ठेका घातला गेला, जाहिरातींत वापरली गेली, आणि पुढे एका नामवंत सॅक्सोफोनवादकाने तीच चाल पिग्मी लोकांची म्हणून आपल्या तबकडीवर घेतली. झेम्प यांनी या सगळ्याबद्दल छापील नाराजी व्यक्त केली. तेव्हापासून वेष्टनावर ‘ट्रायबल’ असा शब्द दिसला की मी आधी मागची बारीक अक्षरं वाचते. कोण वाजवतंय? नाव आहे का? रोचच्या बाबतीत एक गोष्ट बरी वाटते. १९९३ मध्ये त्याने डेव्हिड हडसन या ऑस्ट्रेलियन आदिवासी वादकाचं ‘वुलुंडा’ निर्माता म्हणून काढलं. त्यात नुसता डिजरीडू आहे आणि वेष्टनावर नाव हडसनचं.

रॉबर्ट रिच हा रोचचा जोडीदार. दोघांनी मिळून केलेलं ‘सोमा’ माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात दमदार काम, कारण त्यात ढोल टेकाडावरून उतरून अंगणात येतो. रिच १९८२ मध्ये स्टॅनफर्डला शिकत असताना झोपेच्या मैफली करायचा. लोक पथाऱ्या घेऊन यायचे, तो रात्रभर हळू वाजवत राहायचा आणि श्रोते झोपायचे. झोपेत संगीताचं काय होतं, हाच त्याचा विषय. आपल्याकडे रात्रभराचं वाजवणं म्हणजे जागर. डुलकी लागली तर शेजारचा कोपराने ढोसतो. एकाच सामानातून, धरलेल्या सुरातून आणि संथ ठेक्यातून, एकीकडे झोप आणि दुसरीकडे देवीचा संचार. मला दोन्ही पटतं. दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर रिच जास्त पटतो.

हल्ली भाचीही या शोधात सामील झाली आहे. मी तिला ‘ड्रीमटाइम रिटर्न’मधली ती लांब रचना ऐकवली. बराच वेळ ऐकून ती म्हणाली, “मावशी, हे सुरू कधी होतं?” मी सांगितलं, पहिली दहा मिनिटं काही होत नाही आणि अकराव्यालाही फारसं नाही. तिने बदल्यात मला स्वतःची यादी पाठवली. बहुतेक नाचायचं होतं, ढोल भरपूर आणि सुराचा पत्ता नाही. पण त्यात एक मेक्सिकोचा होर्खे रेयेस निघाला. मातीचे घडे, शंख, मातीच्या शिट्ट्या आणि स्वतःच्या छातीवर-मांड्यांवर तळव्यांनी धरलेला ताल. स्पॅनिश लोक येण्याआधीच्या वाद्यांवर त्याने आयुष्य घातलं आणि २००९ मध्ये तो गेला. “हा भारी आहे ना?” भाचीने विचारलं. भारी होताच. मग सवयीप्रमाणे त्याच्याबरोबर कुणीकुणी वाजवलंय ते बघायला बसलो. ‘सस्पेंडेड मेमरीज’ नावाचं एक त्रिकूट सापडलं. रेयेस, स्पेनचा सुसो साइझ, आणि तिसरा रोचच.