डाव्या कोपऱ्यातले बटण

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीचा नेहमीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने थांबवला. या बातमीचा आरोग्याच्या पाक्षिकाशी संबंध काय, असे वाचकांना वाटेल. आमच्या घरी मात्र ही तारीख रक्तदाबाच्या नोंदी आणि गोळ्यांच्या वेळा लिहिलेल्या तक्त्यावर कितीतरी महिने आधीपासून लिहिलेली होती. ज्यांची मी काळजी घेते, त्यांचा दिवस याच प्रणालीच्या पडद्यावर, खाली डाव्या कोपऱ्यात असलेल्या एका बटणापासून सुरू होतो.

माझे पती चित्रकलेचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या छत्रपती संभाजीनगरातले जुने दरवाजे पेन्सिलीने रेखाटायला घेतले. मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा, खाम नदीच्या पुलाशी असलेला मकाई दरवाजा, दिल्ली दरवाजा, रंगीन दरवाजा अशी ती चित्रे होती. पुढे मूळ कागदांना वाळवी लागली. त्याआधी मुलीने ते स्कॅन करून ठेवले होते, म्हणून रेखाटने वाचली. नंतर त्यांना अल्झायमरचे निदान झाले. आता रोज सकाळी चहा झाला की ते संगणकापुढे बसतात, माऊसचा बाण डाव्या कोपऱ्यात नेतात, बटण दाबतात, ‘दरवाजे’ अशी मोठी चौकट दिसते ती उघडतात आणि एकेक चित्र पाहत बसतात. काही दरवाज्यांची नावे त्यांना आठवतात, काहींची नाहीत. पण रेघ कोठे चुकली आहे, हे अजूनही अचूक सांगतात.

या आजारात ताज्या घटनांची स्मृती आधी निसटते आणि नवे शिकणे फार अवघड होते. हाताला लागलेली वळणे, म्हणजे सायकल चालवणे, पेटी वाजवणे, सदऱ्याच्या गुंड्या लावणे, तुलनेने उशिरापर्यंत टिकतात. नाश्त्याला काय होते ते यांना सांगता येत नाही, पण डाव्या कोपऱ्याची वाट बोटांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ‘विंडोज ११’ने नेमके तेच बटण पडद्याच्या तळाशी मधोमध आणले आणि मोठ्या चौकटींच्या जागी लहान चिन्हे मांडली. तुम्हा-आम्हाला त्याची सवय दोन दिवसांत होईल. ज्याला नवे शिकता येत नाही त्याच्यासाठी ते काही इंचांचे अंतर ओलांडता न येणारे ठरू शकते.

मग जुनेच का चालू देऊ नये? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. सांभाळ संपला म्हणून संगणक बंद पडत नाही, तो पूर्वीसारखाच चालतो. फक्त नव्याने सापडणारी भगदाडे बुजवणारे कोणी राहत नाही. ज्या संगणकावरून आम्ही रविवारी पुण्याच्या मुलीशी बोलतो, त्यावरूनच मी निवृत्तिवेतनाचे खाते पाहते. म्हाताऱ्या माणसांना फसवणाऱ्यांची आज जी सुगी चालली आहे, ती पाहता उघड्या दाराने झोपणे मला परवडणारे नव्हते. आमचा संगणक जुना, त्यात नव्या प्रणालीला लागणारी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-चिप नाही. म्हणजे बदल करायचा तर यंत्रच बदलायला हवे. सुदैवाने घरगुती संगणकांसाठी सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळत राहण्याची सोय ठेवण्यात आली. संगणकाची मांडणी कंपनीच्या खात्यात जपून ठेवायला संमती दिली, तर ती सोय विनाशुल्क होती. मी ती घेतली. एक वर्ष मिळाले. या आजारात एक वर्ष म्हणजे काय, हे काळजीवाहकांना वेगळे सांगायला नको.

अपडेट या प्रकारावर माझा राग नाही, उलट काही सुधारणांची मी आतुरतेने वाट पाहते. याचे कारण माझ्या नोकरीत आहे. मी एका बँकेच्या शाखेत लेजरवर होते, संगणक येण्यापूर्वीच्या काळात. कोणताही व्यवहार थेट खतावणीत जात नसे. आधी कीर्दीत नोंद, मग तिच्यावरून खतावणी. मध्येच कोणी उठून गेले तरी कीर्द पाहून काम कोठवर आले होते ते कळे. संगणकाच्या डिस्कवर फायली मांडून ठेवणारी जी व्यवस्था असते, तिला फाइल सिस्टीम म्हणतात. तिनेही ही कीर्दीची रीत उचलली आहे. ‘विंडोज’ची ‘एनटीएफएस’ ही व्यवस्था १९९३ पासून आहे. कोणती फाइल कोठे आहे, कोणती हलवायची आहे, याची नोंद ती आधी करते आणि प्रत्यक्ष फेरफार नंतर. एप्रिल-मेच्या दुपारी वीज गेली आणि संगणक धाडकन बंद झाला, तरी पुन्हा सुरू होताना ती नोंद वाचून विस्कटलेली मांडणी सावरली जाते. पेन ड्राइव्हवर बहुधा जुनी, कीर्द नसलेली व्यवस्था असते. रुग्णाचे रिपोर्ट त्यावर ठेवणाऱ्यांनी तो उपसून काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ करावा, यामागचे कारण हेच.

पण ही कीर्द मांडणीची असते, मजकुराची नव्हे. चित्र ज्या जागी ठेवले, तेथेच डिस्कचा एखादा कण हळूहळू बिघडला तर ‘एनटीएफएस’ला त्याचा पत्ता लागत नाही. आमच्या शाखेत प्रत्येक पानाखाली बेरीज असे आणि संध्याकाळी ती जुळली नाही, तर पंचवीस पैशांसाठी साऱ्यांना बसवून ठेवत. फायलींच्या पानाखालीही अशी बेरीज ठेवणाऱ्या व्यवस्था आहेत. २००५ मध्ये आलेली ‘झेडएफएस’ वाचताना दर वेळी बेरीज पडताळते आणि दुसरी प्रत हाताशी असेल तर बिघडलेला भाग तिच्यावरून दुरुस्तही करते. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सर्व्हरसाठी आणलेल्या ‘आरईएफएस’मध्येही अशी तरतूद आहे. सामान्य माणसाच्या घरगुती संगणकात ही सोय मुळापासूनच, काही न विचारता मिळावी, याची मी वाट पाहते आहे. आमच्या शहरात पाण्याच्या पाळीची वाट पाहण्याची सवय असतेच, त्यात ही एक भर. तोवर चित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्या आहेत. पैकी एक मुलीकडे पुण्यात असते. वर्षातून दोनदा चित्रे एकेक करून उघडून पाहते. एमआरआयच्या सीडीतला मजकूरही त्यांतच उतरवून घेतला आहे. नव्या लॅपटॉपना सीडी घालायची जागाच बहुधा नसते, हे ज्यांच्या कपाटात तपासण्यांच्या सीडी पडून आहेत त्यांनी ध्यानात घ्यावे.

येथे एक उपमा सहज सुचते: फाइल शाबूत, तिच्याकडे जाणारी वाट तेवढी हरवली, स्मृतिभ्रंशाचेही असेच असेल. पुष्कळ जण मला असा दिलासा देतात. मला तो पटत नाही. अल्झायमरमध्ये पेशी खरोखर नष्ट होतात. मेंदूची दुसरी प्रत पुण्यात ठेवता येत नाही.

तंत्रज्ञानाच्या जगात काळजी घेण्याचा उत्तम नमुना मला सापडला तो वेगळ्याच ठिकाणी. मार्च २०१७ मध्ये ॲपलने आयफोनसाठी १०.३ हे अपडेट दिले. त्यात फोनची जुनी फाइल सिस्टीम काढून ‘एपीएफएस’ ही नवी बसवण्यात आली, तीही आतली छायाचित्रे, संदेश, सारे जागच्या जागी ठेवून. नव्या व्यवस्थेत जुने पान खोडून त्यावर लिहीत नाहीत. नवे पान पूर्ण लिहून झाल्यावरच जुने मोकळे करतात. असंख्य लोकांच्या हातातल्या यंत्राचा पाया बदलला आणि बहुतेकांना त्याचा सुगावाही लागला नाही. त्याआधीच्या अपडेटांच्या वेळी या बदलाची गुपचूप रंगीत तालीमही घेतली गेली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची चादर ज्यांनी बदलली आहे, त्यांना हे कसब ओळखीचे वाटेल. रुग्णाला एका कुशीवर वळवायचे, जुनी चादर पाठीशी गुंडाळायची, तिला लागून नवी अंथरायची, मग दुसऱ्या कुशीवर वळवून जुनी ओढून घ्यायची. हात सराईत असेल तर झोपही चाळवत नाही.

आम्हीही तालीम घेतली. नवा लॅपटॉप आणला, पण लगेच त्यांच्यापुढे ठेवला नाही. आधी सेटिंग्जमधील टास्कबारच्या विभागात जाऊन बटण मधोमध होते ते डावीकडे आणले. ही मुभा ‘विंडोज ११’मध्ये आहे, हे मुद्दाम सांगते, कारण ज्यांना तिची गरज आहे ते आपणहून शोधायला जात नाहीत. पडद्यामागचे चित्र तेच ठेवले, अक्षरे मोठी केली, ‘दरवाजे’ हे नाव पहिल्या जागी लावले, बाकी बहुतेक चिन्हे काढून टाकली. जुना माऊसच जोडला, कारण हाताला त्याचा भार ठाऊक आहे. मग एका सकाळी दहाच मिनिटे त्यांना त्याच्यापुढे बसवले. त्यांनी डावा कोपरा गाठला, बटण दाबले आणि क्षणभर थांबले. नंतर मला म्हणाले, “अगं, या चौकटींचे कोपरे कुणी घासले?” नव्या प्रणालीत चौकटींचे कोपरे गोल केलेले आहेत. चाळीस वर्षे मुलांना सरळ रेघ शिकवणाऱ्या माणसाला ते आधी दिसले, माझ्या लक्षातही आले नव्हते. “सुताराने,” मी म्हणाले. “बरे केले,” ते म्हणाले आणि भडकल दरवाजा उघडून बसले.

सगळ्या सकाळी अशा जात नाहीत. एकदा चिन्ह लहान वाटून ते चिडून उठले, तेव्हा आग्रह केला नाही, आठवडाभर जुन्याच यंत्रावर बसवले. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा-दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. म्हणून त्यानंतरच्या बुधवारी, ते दुपारी झोपले की मी स्वतः संगणक सुरू करून अपडेट होऊ देते. (हा बुधवार दर वेळी महिन्यातला दुसराच असतो असे नाही. एक तारीख बुधवारी आली, तर तो तिसरा असतो. लेजरवर बसलेल्या बाईला एवढे तपासावेच लागते.) मोठे बदल घडवणारे अपडेट काही आठवडे लांबवता येते. मुलगी येण्याच्या आठवड्यात किंवा औषधाची मात्रा बदललेली असताना मी ते लांबवते. त्या दिवसांत त्यांच्यापुढे एका वेळी एकच नवी गोष्ट असावी, हे मला डॉक्टरांनी सांगितले नाही, पण पाहून कळले आहे.

सध्या दोन्ही यंत्रे एकाच मेजावर आहेत. कधी ते एकापुढे बसतात, कधी दुसऱ्यापुढे, आणि आपण कोणत्यापुढे आहोत हे विचारत नाहीत. ऑक्टोबर येईल तेव्हा जुन्या संगणकाची इंटरनेटची तार काढायची, एवढे ठरले आहे. चित्रे त्याच्यावर राहतील. गेल्या महिन्यापासून मात्र माऊसवर हात ठेवून ते कधी कधी थांबून राहतात. अशा वेळी मी खुर्ची ओढून शेजारी बसते आणि मोठ्याने म्हणते, “आज दिल्ली दरवाजा पाहू या का?” बहुतेक वेळा हात हलतो.