संगणकाचा दुभाष्या

'कि'ची पहिली वेलांटी क-च्या आधी दिसते ना? संगणक मात्र ती क-नंतर साठवतो! दाखवताना ती जागेवर बसवतं 'हार्फबझ' हे सर्वांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर. ते लिहिलंय सी प्लस प्लस या संगणकभाषेत. पायथन भाषेतून ते वापरायचं तर मधे दुभाष्या हवा. त्याचं नाव 'युहार्फबझ'.

इकडे गडचिरोलीत माझ्या पहिलीतल्या माडिया पोरांना मराठी धडा समजावते चौथीतली ताई. अगदी तस्सं! पण पुस्तक बदललं, की ताईलाही नवा धडा शिकावा लागतो.

२०१७ साली मसराम गोंडी लिपी युनिकोड या जगाच्या अक्षरयादीत आली. अशी भर पडली, की हार्फबझ बदलतं, मग दुभाष्याही पुन्हा बांधून तपासावा लागतो. हे कष्ट पडद्यावर दिसत नाहीत, बरं का! उद्या गोंडी जाणणारं तुमच्यातलंच कुणी हे काम करील, तर अक्षराची चूक त्यालाच आधी दिसेल.