स्वतःचाच तोतया

सर डॅनियल फोर्टेस्क्यू हा गॅलोमेअर राज्याचा सरदार लढाईतल्या पहिल्याच बाणाने मेला. इ. स. १२८६ मधली ही गोष्ट. झारोक नावाच्या मांत्रिकाने मुडद्यांची फौज घेऊन राज्यावर चाल केली, राजाच्या सैन्याच्या अग्रभागी डॅनियल होता, आणि लढाईला तोंड लागते न लागते तोच एक बाण आला आणि त्याचा निकाल लागला. पुढे लढाई जिंकली गेली, झारोक नाहीसा झाला. राजापुढे मात्र पेच उभा राहिला, की आपण पुढे धाडलेल्या सरदाराची ही गत प्रजेला सांगायची कशी? तेव्हा इतिहासात असे नोंदवले गेले, की डॅनियलने झारोकला स्वहस्ते मारले आणि मग त्या जखमांनी त्यालाही वीरमरण आले. शंभर वर्षांनी झारोक परततो, मंत्र टाकून स्मशाने जागी करतो, आणि त्या मंत्राच्या फेऱ्यात नकळत डॅनियलही उठून बसतो. अंगावर मांस नाही. डोळा एकच. खालचा जबडा नाही.

हे कथानक कादंबरीतले नाही. 'मेडिईव्हिल' नावाच्या व्हिडिओ गेमचे आहे. सोनीच्या केंब्रिज येथील स्टुडिओने तो १९९८ साली पहिल्या प्लेस्टेशनसाठी काढला. दिग्दर्शन ख्रिस सॉरेल यांचे. साहित्याची चर्चा चालते तिथे या विषयाला जागा असावी का, असे कुणी विचारील. माझ्यापाशी त्याचे सैद्धांतिक उत्तर नाही. वर्गात मी एम.ए.च्या मुलांना बखरींतील वीरनायक शिकवतो, आणि दरवर्षी तो तास घेताना माझ्या डोळ्यांसमोर पहिला येतो तो हा जबडा नसलेला सापळा. त्याचे कारण सांगायचे तर हा खेळ आणि माझे वडील या दोहोंविषयी एकत्रच सांगावे लागेल.

आधी खेळाविषयी. सॉरेल यांच्या डोक्यात दोन गोष्टींचा संयोग होता, असे सांगतात: टिम बर्टन यांच्या 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' या १९९३ च्या चित्रपटाची वाकडीतिकडी, भुताळी दृश्यशैली आणि कॅपकॉमचा 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' हा १९८५ चा खेळ. त्या जुन्या खेळातला आर्थर नावाचा सरदार पहिल्या घावाला चिलखत गमावून नुसत्या चड्डीवर उभा राहतो आणि दुसऱ्या घावाला त्याची हाडे होऊन जमिनीवर कोसळतात. तिथे हाडे दिसली की डाव संपला. 'मेडिईव्हिल'चा डाव सुरू होतो तोच हाडांपासून. ज्याला आणखी मरता येत नाही, असा नायक घेऊन साहसकथा रचायची म्हणजे धोका कशाचा दाखवायचा, हा मोठाच प्रश्न आहे. आणि या मंडळींनी तो प्राणांवरून काढून अब्रूवर नेला. ही युक्ती मला आजही थोर वाटते.

सापळा नायक करण्याचे प्रयोग इतरांनीही केले होते. त्याच्या दोन वर्षे आधी, १९९६ साली, सेगा सॅटर्न या यंत्रासाठी 'मिस्टर बोन्स' नावाचा खेळ निघाला होता. समुद्रातल्या डॉल्फिनचा 'एको' हा खेळ ज्यांनी रचला त्या एड अनुन्झिआटा यांचा हा उद्योग, आणि संगीत रॉनी मॉन्ट्रोझ या गिटारवादकाचे. प्रयोगशीलतेच्या दृष्टीने तो 'मेडिईव्हिल'च्या कितीतरी पुढे होता. दोन सीडींवर मावलेल्या त्या खेळात जवळजवळ प्रत्येक टप्प्याला खेळण्याची रीतच बदलते. मार बसला की नायकाची हाडे निखळतात; एके ठिकाणी त्याला गिटारवर ब्लूज वाजवायचे असते, एके ठिकाणी चक्क विनोद सांगायचे असतात. पण त्या सापळ्याला निदान गिटार तरी दिली होती. डॅनियलला काहीच दिलेले नाही. जबडा नसल्याने त्याच्या तोंडून निघते ती घशातली अस्पष्ट पुटपुट, आणि समोरचे लोक आपलेच बोलत राहतात. वाटेत भेटणारी दगडी तोंडे त्याला टोमणे मारतात. हाती शस्त्र नसेल तर तो स्वतःचाच एक हात उपटून सोट्यासारखा चालवतो.

मराठी वाचकाला इथे पानिपत आठवल्यावाचून राहणार नाही. १७६१ नंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, आणि अखेर १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी त्याच्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. तोतया दुसऱ्याचे नाव घेतो, आणि ते खोटे पाडायला खरा माणूस हयात नसतो. डॅनियलची गोष्ट उलटी आहे. नाव त्याचे, थडगे त्याचे, पराक्रम मात्र कुणाचाच नव्हे. तो स्वतःचाच तोतया आहे. शिवाय हे सोंग त्याने घेतलेले नाही, तो मरून पडलेला असताना दुसऱ्याने ते त्याच्या अंगावर चढवले आहे. नाकारायचे म्हटले तरी तोंड नाही. असो.

आमच्याकडे हे यंत्र आले ते १९९९ च्या दिवाळीत. दुबईला असलेल्या मावसभावाने आपले जुने प्लेस्टेशन आणि सात-आठ सीड्या मला देऊन टाकल्या. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. अण्णा माध्यमिक शाळेतून मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. वर्गात त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाई, असे त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. तंबाखू-चुन्याची सवय मात्र चाळीस वर्षांची. २००० च्या उन्हाळ्यात मुंबईला शस्त्रक्रिया झाली आणि डाव्या बाजूचा खालचा जबडा, जिभेचा काही भाग काढावा लागला. घरी परतले तेव्हा त्यांचे व्यंजनोच्चार गेले होते. स्वर उरले होते. आईला आणि मला दोनेक महिन्यांत त्यांचे बोलणे कळू लागले, इतरांना कधीच कळले नाही. आलेल्या-गेलेल्यांशी ते बोलत आणि मी शेजारी बसून त्यांचे मराठी मराठीत सांगे. जिथे मलाही अडे तिथे पाटी-पेन्सिल.

दुपारी मी खेळत असे तेव्हा ते आरामखुर्चीत पडून बघत. बाकीचे खेळ त्यांना रुचले नाहीत. 'मेडिईव्हिल'चा सापळा थडग्यातून उठून पुटपुटला तेव्हा ते ताठ बसले, आणि मग हसू लागले. शस्त्रक्रियेनंतर त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होतो. ते हसणे बघवत नव्हते, पण ते होते. सुरुवातीची कथा त्यांनी मला मराठीत सांगायला लावली. पहिल्याच बाणाने मेला, राजाने इतिहास लिहवून घेतला, हे ऐकल्यावर त्यांनी खूण केली, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितले. शिक्षकाला कथाबीज आवडले असावे, एवढेच तेव्हा वाटले.

आता अण्णांच्या पराक्रमाविषयी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. जवळपास दोनशे माणसे गेली. अण्णा तेव्हा पाटण तालुक्यातल्या एका शाळेच्या वसतिगृहावर देखरेखीला होते, वय पंचवीस. वसतिगृहाची मागची भिंत आणि आढे खाली आले. आत अडकलेल्या चार मुलांना अण्णांनी ढिगाऱ्यातून ओढून काढले, ही हकीकत मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो. आत्या सांगे, आई सांगे, गावातले लोक सांगत. अण्णा सांगत नसत. तो त्यांचा विनय, असे सगळे धरून चालले होते.

जानेवारी २००१ मध्ये त्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवात अण्णांचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात अर्थातच चार मुले होती. त्यांतला एक तर व्यासपीठावरच बसला होता, चांगला पस्तिशी-चाळिशीतला गृहस्थ. तो तेव्हा चार-पाच वर्षांचा, कुणा मोठ्या भावाबरोबर राहिलेला; त्याला काय आठवणार? अण्णांनी ध्वनिक्षेपकाशी जाण्याचा हट्ट धरला. मी नेहमीप्रमाणे शेजारी उभा राहिलो. ते सावकाश, एकेक शब्द जमेल तितका सुटा करून बोलले. मला त्यातला प्रत्येक शब्द कळला. ते म्हणाले, की हादरा बसला तेव्हा मी पळत बाहेर आलो आणि मैदानात उभा राहिलो. माझे पाय हलेनात. मुलांना काढले ते शिपायाने. मग त्यांनी त्या शिपायाचे नाव घेतले, दोनदा घेतले. तो पाच-सहा वर्षांपूर्वी वारला होता.

समोर सभा शांत. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

मी म्हणालो, "अण्णा म्हणतात, मी काही विशेष केले नाही. माझे कर्तव्य तेवढे केले."

टाळ्या पडल्या. पुष्कळ वेळ पडत राहिल्या. अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि हळूहळू जाऊन खुर्चीवर बसले. त्या क्षणी माझ्या मनात काय होते हे मी अनेकदा स्वतःला विचारले आहे. त्यांची लाज राखावी असे वाटले, हे खरे. आपली लाज राखावी असेही वाटले, हे जास्त खरे. विचार करायला वेळ नव्हता, ही सबब मात्र खोटी आहे. वेळ होता, चांगले दोन-तीन श्वास होते.

घरी आल्यावर या विषयावर अवाक्षर निघाले नाही. चार-पाच दिवसांनी दुपारी त्यांनीच दूरचित्रवाणीकडे बोट करून खेळ लावायला सांगितला. डॅनियल एका दगडी तोंडासमोर उभा राहून काही पुटपुटत होता. अण्णांनी पाटी घेतली आणि लिहिले, "याला दुभाषी नाही. सुखी आहे."

एवढेच. मी ते वाचले, त्यांनी ते पुसले.

खेळ संपायला पुढे तीन आठवडे लागले. या खेळात जवळपास प्रत्येक टप्प्यावर एक चषक असतो, मारलेल्या शत्रूंच्या आत्म्यांनी तो भरतो, आणि भरलेला चषक हाती आला की वीरांच्या दालनात काही काळ प्रवेश मिळतो. तिथे खऱ्याखुऱ्या वीरांचे पुतळे आहेत. ते डॅनियलला ओळखून आहेत. कुणी सांभाळून घेतो, कुणी तोंडावर बोलतो, आणि मग एखादे शस्त्र देतो. अण्णांना हे दालन फार आवडे. अखेरच्या लढाईत डॅनियलचे शंभर वर्षांपूर्वी मेलेले सैनिक सापळे होऊन त्याच्या बाजूने उठतात. तो पडला तेव्हा पुढे लढले ते हे. इथे खेळणाऱ्याला एक विचित्र सामर्थ्य मिळते: डॅनियलच्या हातातून वीज निघते आणि ती ज्या सैनिकावर पडेल त्याची शक्ती वाढते, पण ती जाते डॅनियलच्या शक्तीतून. मी कंजूषपणा करत होतो, कारण पुढे झारोक उभा होता. अण्णा खुर्चीवरून पुढे झुकले आणि घशातून "दे, दे" असा आवाज काढू लागले. मी देत गेलो. दोनदा हरलो. तिसऱ्यांदा जमले.

या खेळाला दोन शेवट आहेत. सगळे चषक मिळवले असतील तर डॅनियलला वीरांच्या दालनात कायमची जागा मिळते. एखादा राहिला असेल तर तो आपल्या थडग्याकडे परत जातो आणि निजतो. माझे तीन राहिले होते. डॅनियल आत जाऊन आडवा झाला, अंधार झाला. मी चुटपुटत म्हणालो, "अण्णा, मागे जाऊन उरलेले आणतो, दुसरा शेवट बघू." त्यांनी मान हलवली आणि पाटीवर लिहिले, "नको. हा बरोबर."

ते २००३ च्या श्रावणात गेले.

२०१९ साली हा खेळ नव्या यंत्रासाठी नव्याने बांधून काढला गेला. माझ्या मुलीने तो आणला. चित्रे कमालीची सुबक, काहीशी अतिसुबक. त्यात हरवलेले आत्मे शोधून त्यांच्या मार्गी लावण्याचे एक जादा काम घातले आहे, आणि ते पुरे केले की नव्या खेळाच्या पोटात ठेवलेला १९९८ चा मूळ खेळ उघडतो. मुलीने चिकाटीने ते केले. जुना, खडबडीत, दाणेदार डॅनियल पडद्यावर उठून पुटपुटला, तेव्हा तिने विचारले, "बाबा, हा काय म्हणतोय?" मी म्हटले, मला माहीत नाही. आणि मग तिला आजोबांची गोष्ट सांगितली. इथे लिहिली तशीच, शिपायाच्या नावासकट. त्याच्या घरचे लोक कुठे आहेत हे मी त्यानंतर शोधून काढले. मुलगा साताऱ्याला असतो. त्याला पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले, की आमच्या वडिलांनी हे घरी सांगितले होते, आम्हांला ठाऊक होते. सरांचा सत्कार झाला तेव्हा मीही सभेत मागे उभा होतो.

सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका माझ्या कपाटात आहे. तिच्यात अण्णांच्या छायाचित्राखाली त्यांचे भाषण म्हणून माझी ती दोन वाक्ये छापली आहेत.