लेकीचं दुसरं नाव

यंदा ईदला लेक, जावई आणि नातवंडं शिरोड्याला आली. दुसऱ्या रात्री जेवणं उरकल्यावर जावयांनी लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "अम्मी, अब्बा, तुमच्या मुलीच्या जुन्या नोकरीवर अमेरिकेत विनोदी मालिका निघाली होती. बघायची का?" ओटीवर चटई टाकून आम्ही सगळे बसलो.

मालिकेचं नाव 'आउटसोर्स्ड'. याच नावाचा सिनेमा २००६ साली आला होता, त्यावरून ही केलेली. सप्टेंबर २०१० ते मे २०११ या काळात अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर तिचे २२ भाग झाले आणि ती बंद पडली. गोष्ट साधी. गमतीच्या वस्तू विकणाऱ्या एका कंपनीचं फोनवर ऑर्डर घेण्याचं काम मुंबईला जातं, आणि तिथल्या पोरांना शिकवायला एक तरुण अमेरिकन साहेब येतो. त्याची खुर्ची मिळावी म्हणून टपलेला राजीव, अखंड बडबडणारा गुप्ता, आणि ऐकूच येणार नाही इतकं हळू बोलणारी माधुरी. आपलं जेवण खाऊन साहेबांचं पोट बिघडतं, यावरच निम्मे विनोद. आम्हीही हसलो. नातू तर लोळण घेत होता.

लेक मात्र माधुरी आली की गप्प व्हायची. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाली, "पहिले दोन महिने मी अशीच होते."

ती २००७ च्या पावसाळ्यात मुंबईला गेली. जोगेश्वरीला फुफीकडे राहायची, मालाडला नोकरी. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेसात. म्हणजे कामाची वेळ अख्खी रात्र. नातेवाईकांनी आम्हाला बोल लावले, "जवान मुलीला रात्री बाहेर ठेवता?" त्यातच त्या नोव्हेंबरात पुण्यात अशाच एका मुलीचा तिला कामावर नेणाऱ्या गाडीच्या चालकाने साथीदाराबरोबर मिळून खून केला. आम्ही तिला परत बोलवायला निघालो होतो. ती म्हणाली, "अब्बा, धाकट्याची फी कोण भरणार?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. रात्रपाळीसाठी बाईची संमती हवी आणि तिच्या सुरक्षेची व्यवस्था मालकाने करावी, असं आता महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. तेव्हा आमच्याकडे फक्त दुआ होती.

तिथे आधी बोलायला शिकवायचे. ओठ कुठे गोल करायचे, जीभ दाताला कधी लावायची. आमच्या मुलीची घरची बोली वेगळी, बाजारात मालवणी, शाळेत मराठी, इंग्रजी पुस्तकातली. पण तिला हे फार जड गेलं नाही. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "हे आधी कुठे शिकलीस?" ती म्हणाली, "मदरशात." अलिफ आणि ऐन, काफ आणि मोठा क़ाफ, कुठला हर्फ घशातून आणि कुठला जिभेच्या मुळातून, हे मौलवीसाहेबांनी छडी हातात धरून तिच्याकडून घोटून घेतलं होतं. ते ऐकून ओटीवर पुन्हा हशा झाला. अशी गोष्ट त्या मालिकेत कुणाला सुचली नाही.

मग तिने ते सांगितलं, जे इतकी वर्षं आमच्यापासून लपवलं होतं. तिथे तिचं नाव नॅन्सी होतं. गिऱ्हाइकाला उच्चारायला सोपं पडावं म्हणून प्रत्येकाला एक नाव दिलेलं. तिचं खरं नाव अकीक्याच्या दिवशी तिच्या दादांनी ठेवलेलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही," ती म्हणाली. खरंच वाईट वाटलं.

पण गोष्ट तिथे संपत नव्हती. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आम्हाला कालच्यासारखी आठवते. टीव्हीवर सीएसटी, ताज. मग विलेपार्ल्याला टॅक्सीत स्फोट झाल्याची बातमी आली. विलेपार्ले म्हणजे जोगेश्वरीच्या जवळच. आम्ही तिला फोन लावत राहिलो. घंटा वाजायची, कुणी उचलायचं नाही. कामाच्या जागी मोबाईल न्यायला बंदी होती, तो लॉकरमध्ये कुलपात वाजत होता. रात्रभर आम्ही जानमाजवर बसून होतो. फज्रनंतर तिचा फोन आला, "मी ठीक आहे." एवढंच बोलली.

त्याच रात्री दोनच्या सुमारास तिला अमेरिकेतून एका म्हातारीचा फोन आला होता. क्रेडिट कार्डाच्या बिलाची तक्रार होती. मध्येच म्हातारीने विचारलं, "पोरी, तू कुठून बोलतेस?" सांगायची परवानगी नव्हती, पण तोंडून निघून गेलं, "मुंबई." म्हातारीच्या घरी टीव्ही चालू होता. ती बिल विसरली. "तू सुखरूप आहेस ना? तुझ्या आईबापांना कळवलंस का?" मग म्हणाली, "मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन. तुझं खरं नाव सांग."

"त्या रात्री आपलं नाव सांगायला मला भीती वाटली, अम्मी," लेक म्हणाली. "टीव्हीवर काय चाललं होतं, आणि माझं नाव कसलं. पण सांगितलं." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हातारीने ते नाव उच्चारून पाहिलं. चुकलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा जवळजवळ बरोबर आलं.

कॉल रेकॉर्ड होत होता. दुसऱ्या आठवड्यात वरिष्ठांनी तो ऐकवून तिचे गुण कापले, त्या महिन्याचा बोनस गेला. धाकट्याची फी त्या खेपेला उशिरा भरल्याचं आम्हाला आठवतं. तेव्हा आम्ही त्यावरून तिलाच रागावलो होतो.

ओटीवर कुणी बोललं नाही. आम्ही फोन लावत होतो तेव्हा आमचा फोन तिच्यापर्यंत पोहोचला नाही; हजारो मैलांवरच्या परक्या बाईचा पोहोचला. आमच्या वाटचा प्रश्न तिने विचारला. अल्लाह तिचं भलं करो.

नातवाने विचारलं, "पुढचा भाग लावू?" लेकच म्हणाली, "लाव. गुप्ता मजेशीर आहे." आणि ती हसायला लागली, म्हणून आम्हीही हसलो.

भरदुपारी जेवताना कर्ज देणाऱ्यांचे फोन आले की आम्ही खेकसून ठेवून देत असू. आता, "नको बेटा, आम्हाला गरज नाही," एवढं म्हणून ठेवतो.